ऑफ-रोड प्रवासात खोदण्या-तोडण्याची अवजारे : पात्याआधी दांडा पाहावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चारही चाकांना ताकद देणारी गाडी नुकतीच घेतली आहे. कच्च्या वाटा, नदीपात्रातील वाळू आणि जंगलातले रस्ते अशा दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत. सोबत घडीचे छोटे फावडे आणि हातभर लांबीची कुऱ्हाड असा तयार संच घेतला आहे. एवढे पुरेल का, आणि पुरणार नसेल तर थेट चेनसॉच (यंत्राने फिरणाऱ्या साखळीची करवत) घ्यावी का?

माझे उत्तर असे की हा संच पुरणार नाही, पण चेनसॉची गरजही बहुतेकांना पडत नाही. लांब दांड्याचे एक चांगले शॉव्हेल (दांड्याच्या सरळ रेषेत पाते असलेले खोदण्याचे अवजार) आणि मोठ्या दात्यांची एक हातकरवत या दोन वस्तूंवर माझी बहुतांश कामे आजवर निभावली आहेत. बाकीची अवजारे आपण कोणत्या जमिनीवर जातो त्याप्रमाणे गाडीत येतात आणि जातात. दुकानात आपण पात्याची चमक पाहतो, धार अंगठ्याने चाचपतो. प्रत्यक्ष अडकल्यावर मात्र दांड्याची लांबी किती आणि ते अवजार गाडीत कुठे ठेवले होते, यांवरच सगळे अवलंबून असते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गाडी वाळूत पोटावर बसते तेव्हा नेमके काय होते ते आधी पाहू. चाके जागच्या जागी फिरून आपल्याखालची वाळू मागे फेकतात, गाडी हळूहळू खाली उतरते आणि शेवटी तिचा भार चाकांवरून निघून अॅक्सल, डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा आणि गिअरबॉक्सखालचा पत्रा यांच्यावर येतो. नवखा माणूस अशा वेळी जे दिसते तेथे, म्हणजे चाकापुढे, खोदत राहतो. चाक मोकळे होते, पण गाडी हलत नाही, कारण तिला धरून ठेवणारी वाळू मधोमध, पोटाखाली दाबून बसलेली असते. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर धरले, तर मध्यापर्यंत पोहोचायला बाजूने पाऊण मीटर आत जावे लागते. घडीचे फावडे पूर्ण उघडल्यावर साधारण 55 ते 60 सेंटिमीटर भरते आणि त्यातला वीतभर भाग मुठीतच जातो. उरलेले अंतर भरून काढण्यासाठी आधी हात, मग खांदा आणि अखेरीस डोके गाडीखाली घालावे लागते. जी गाडी केवळ त्या वाळूवर टेकलेली आहे, तिच्याखालची तीच वाळू आपण त्या वेळी काढत असतो, हे खोदणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. लांब दांडा असेल तर माणूस पालथा पडून, पूर्णपणे गाडीबाहेर राहून, पोटाखालची वाळू खरवडून काढू शकतो. माझ्या मते लांब दांडा घेण्याचे हे एकच कारण पुरेसे आहे. कंबर वाचते हा वरचा नफा.

कामाचे प्रमाणही एकदा मोजून पाहावे. रुतलेल्या चाकापुढे एक मीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि चाकाकडच्या टोकाला 30 सेंटिमीटर खोल असा उतार काढायचा म्हटले, तर 45 लिटर वाळू निघते. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे 1600 किलो भरते, म्हणजे एका चाकामागे 70 किलोहून थोडी जास्त आणि चारही चाकांची मिळून 290 किलोच्या आसपास. कोरड्या वाळूचा कडा तीस-पस्तीस अंशांपेक्षा उभा राहत नाही, तो ढासळत राहतो; त्यासाठी निम्मी भर धरली तर आकडा सव्वाचारशे किलोंच्या वर जातो. मोठ्या पात्यावर एका वेळी तीन-चार किलो वाळू सहज राहते, म्हणजे सव्वाशेच्या आसपास फेकी. घडीच्या पात्यावर जेमतेम किलोभर राहते, म्हणजे त्याच कामाला चारशेहून अधिक फेकी, त्याही गुडघ्यावर बसून आणि बहुधा भर उन्हात. हा हिशेब एकदा केला की घडीच्या फावड्याचा मोह आपोआप सुटतो.

त्या अवजारावर अन्याय करायचा नाही. त्याचा जन्मच वेगळ्या कामासाठी झाला आहे. 1869 मध्ये लिनेमान नावाच्या डॅनिश लष्करी अधिकाऱ्याने पायदळाच्या सैनिकाला अंगावर वाहता येईल असे आखूड फावडे बनवले आणि युरोपातील सैन्यांनी ते उचलले. पाते दुमडणारे घडीचे प्रकार पुढे दुसऱ्या महायुद्धात सर्वत्र पसरले. गोळीबाराखाली पडल्या पडल्या स्वतःपुरता खड्डा खणता यावा, ही त्यामागची गरज होती. ज्याला सगळे सामान पाठीवर वाहायचे आहे त्याच्यासाठी ती तडजोड योग्यच होती. आपल्याकडे मात्र वाहायला गाडी आहे. शिवाय स्वस्त नकलांमध्ये बिजागरीजवळची फिरकीची कडी हा कच्चा दुवा असतो. कडीच्या आट्यांत वाळूचे चार कण शिरले की ती पूर्ण आवळली जात नाही. मग पाते दाबाखाली थोडे मागे सरकते, आपण पुन्हा आवळतो, ते पुन्हा सरकते. ओल्या चिकणमातीत एकदा माझ्या हातातले असे पाते टेकू देताना अचानक मिटले आणि बोटे कडी आणि मुठीच्या मध्ये सापडली. नखे काळी पडण्यावर निभावले. मुख्य अवजार म्हणून ते गाडीत ठेवणे मी त्या दिवशी सोडून दिले.

शॉव्हेल निवडताना शब्दांचा एक घोळ आधी मिटवावा लागतो. फावडे म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दांड्याशी जवळजवळ काटकोनात वळलेले पाते येते. त्याने माती आपल्याकडे ओढायची असते. शॉव्हेलचे पाते दांड्याच्या रेषेत असते. ते मातीत खुपसायचे, उचलायचे आणि बाजूला फेकायचे. रुतलेल्या गाडीला दोन्ही हालचाली लागतात, पण फेकण्याची हालचाल अधिक लागते, म्हणून पहिली निवड शॉव्हेलची. मात्र पोटाखालची मोकळी वाळू बाहेर ओढून काढायला साधे फावडे शॉव्हेलपेक्षा सरस ठरते, हे ऑफ-रोडच्या परदेशी याद्यांत सहसा लिहिलेले नसते. मी वाळूच्या प्रवासाला जाताना दांडा काढलेले फावड्याचे नुसते पाते सोबत ठेवतो. टिकावाच्या भोकात बसणारा दांडा त्यालाही बसेल अशी जोडी जमवली, की एका दांड्यावर दोन अवजारे होतात.

शॉव्हेलचे पाते टोकाला गोलसर निमुळते असावे. चौकोनी टोकाचे पाते सपाट जमिनीवरची खडी किंवा रेती भरायला उत्तम असते, पण मुळ्या आणि दगड असलेल्या मातीत ते शिरतच नाही. पाते पोलादाचे आणि नीट पाणी दिलेले असावे; हाताने दोन्ही कडा धरून पिळून पाहिल्यास वाकू नये. पात्याच्या वरच्या कडेला पाय ठेवण्यासाठी बाहेर वळवलेली पट्टी असेल तर बूट घसरत नाही आणि तळव्याला कड रुतत नाही. पात्याची नळी दांड्यावर वीतभर तरी चढलेली असावी, कारण शॉव्हेल मोडते ते बहुधा नेमके तेथेच, आपण त्याचा पहारीसारखा उपयोग करतो तेव्हा. पाठीमागून पाहिल्यास पात्याच्या मध्यावर उघडी पन्हळ दिसत असेल तर ते पाते पातळ पत्र्यातून दाबून काढलेले आहे. हलक्या कामाला ते चालते, पण त्या पन्हळीत चिखल भरून बसतो आणि वजन वाढते. दांडा लाकडी असल्यास त्याच्या रेषा लांबीला समांतर, अखंड आणि गाठीविना असाव्यात. फायबरग्लासचा दांडा पावसापाण्याला दाद देत नाही, पण उन्हात वर्षानुवर्षे राहिल्यास त्याचे धागे सुटून तळहातात शिरतात. पूर्ण लोखंडी दांडा मजबूत असला तरी तासाभरात हात भरून आणतो.

लांबीचा प्रश्न गाडीच्या आतील जागेशी जोडलेला आहे. बागकामाचे दीड मीटरचे शॉव्हेल खोदायला सर्वांत सुखाचे, पण ते बहुतेक गाड्यांत आडवे बसत नाही. एकूण 100 ते 120 सेंटिमीटर ही माझ्या दृष्टीने योग्य मर्यादा आहे. त्यातही शेवटी इंग्रजी डी अक्षरासारखी मूठ असलेला प्रकार घेतला तर पालथे पडून ओढताना आणि पाते वळवताना पकड चांगली राहते. दोन-तीन तुकड्यांत सुटणारे, स्क्रूने जोडायचे दांडे मिळतात. त्यांतील जाड नळीचे आणि आरपार खिळीचे प्रकार विश्वासार्ह असतात. बारीक आट्यांचे प्रकार घडीच्या फावड्याच्याच रोगाने आजारी पडतात.

बर्फातल्या प्रवासाला रुंद अॅल्युमिनियमचे हलके पाते लागते आणि तेच सुक्या वाळूतही चांगले चालते, पण मुळी लागली की ते वाकते. चिकणमातीचे दुखणे निराळे असते. तेथे माती पात्याला चिकटून राहते आणि प्रत्येक फेकीनंतर ती खरवडावी लागते. पाते मध्येमध्ये पाण्यात बुडवले तर ती बरीच सुटते. अशा जागी रुंद पाते घेणे ही चूक, कारण जितके पाते मोठे तितकी चिकटलेली माती जास्त. चिखलात चाकाभोवतीची माती सगळी काढण्यापेक्षा टायरच्या कडेने पाते उभे खुपसून हवा आत जाऊ द्यावी. चिखलाची ओढ सुटली की निम्मे काम होते.

खोदायला लागण्याआधी टायरमधली हवा कमी करावी, हे येथे एकदाच सांगून पुढे जातो. 32 पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) 16 ते 18 पर्यंत उतरल्यास टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि कित्येकदा शॉव्हेल काढावेच लागत नाही. बाहेर पडल्यावर हवा भरायला पंप हवा, हे ओघाने आलेच.

कडक, दगडी किंवा वाळून खडखडीत झालेल्या जमिनीसाठी शॉव्हेल पुरत नाही. वाहून गेलेल्या वाटेवर चाकापुरती पायरी करायची, दरडीचा दगड उकरायचा किंवा उताराची कड तासायची असेल तर टिकाव लागतो. पूर्ण मापाचा टिकाव जड असतो. अशा फुटकळ कामाला दीड किलोच्या आसपासचे डोके आणि 60 ते 70 सेंटिमीटरचा दांडा पुरेसा होतो. पहार मात्र मी फक्त डोंगराळ वाटांवर नेतो. दीड मीटरच्या पहारीने एकटा माणूस जो धोंडा हलवतो तो दोघांना हातांनी हलत नाही, हे खरे. पण तिचे वजन आणि तिला गाडीत घट्ट बांधण्याची कटकट पाहता सरसकट ती न्यावी असे मी म्हणणार नाही. जंगल आणि माती दोन्ही असलेल्या वाटांसाठी पुलास्की नावाचे एक जोडअवजार विचारात घेण्यासारखे आहे. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवे, कुदळीसारखे पाते असे त्याचे रूप असते. अमेरिकेच्या वनसेवेतील रेंजर एड पुलास्की यांचे नाव त्याला मिळाले आणि 1910 च्या मोठ्या वणव्यांनंतर ते आग विझवणाऱ्या तुकड्यांत रूढ झाले. मुळ्यांनी भरलेल्या मातीत त्याच्याइतके कामाचे दुसरे काही मी वापरलेले नाही. दोन्ही बाजूंना धार असल्यामुळे ते म्यानाशिवाय गाडीत ठेवणे मात्र निव्वळ बेपर्वाई आहे.

आता तोडण्याकडे वळतो, आणि येथे पहिला प्रश्न तोडावेच का हा असतो. वाटेत झाड पडलेले दिसले की हात आधी कुऱ्हाडीकडे जातो. तीस सेंटिमीटर व्यासाचे, चार मीटर लांबीचे ओले खोड साधारण पाव टन भरते. ते उचलता येत नाही, पण पट्टा लावून गाडीने किंवा विंचने (गाडीवर बसवलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढून बाजूला नक्कीच करता येते आणि त्याला दहा मिनिटे लागतात. ओढता येणार नसेल तर एका जागी कापून दोन तुकडे करावेत आणि ते लोटावेत किंवा पहारीने गडगडवावेत. पन्नास सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचे मात्र दर मीटरला दीडशे ते दोनशे किलो होतात. असे झाड आडवे असेल तर हाताने कापत बसण्यापेक्षा मागे फिरणे शहाणपणाचे. उभे, जिवंत झाड तोडण्याचा तर प्रश्नच नाही. पडलेल्या झाडालाही अनेक वनहद्दींत परवानगीशिवाय हात लावता येत नाही आणि काही ठिकाणी तोडण्याची अवजारे जवळ बाळगण्यावरही निर्बंध असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या वनविभागाचे नियम विचारून घ्यावेत.

कापायचेच ठरले, तर माझ्या हातात करवत येते. ओढताना कापणाऱ्या, जपानी पद्धतीच्या दात्यांच्या घडीच्या करवती गेल्या काही वर्षांत सहज मिळू लागल्या आहेत. ओढताना पाते ताणाखाली असल्याने ते पातळ ठेवता येते, काप अरुंद होतो आणि श्रम कमी पडतात. उलट जोर लावून पुढे ढकलले की तेच पाते वाकते किंवा तुटते. सुतारकामाची हात ढकलून चालवण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पात्याची लांबी ओंडक्याच्या व्यासाच्या दुप्पट असावी, असा माझा ठोकताळा आहे, कारण त्याहून लहान पाते पुरेसे पुढे-मागे होत नाही आणि भुसा कापातच अडकून राहतो. वीस सेंटिमीटरची खिशातली करवत फांद्यांसाठी छान. वाट अडवणाऱ्या खोडासाठी 35 ते 50 सेंटिमीटरचे पाते हवे. ओल्या लाकडाला मोठे, विरळ दाते लागतात; बारीक दात्यांत ओला भुसा गच्च बसतो. या करवतींच्या दात्यांची टोके बहुधा उष्णतेने कडक केलेली असतात आणि कानशीला दाद देत नाहीत, म्हणून धार लावण्याचा विचार सोडून एक जादा पाते सोबत ठेवावे. धनुष्याच्या आकाराची चौकटवाली करवत स्वस्त आणि वेगवान असते, पण चौकट आणि पात्यातील जागेपेक्षा जाड खोडावर ती अर्ध्यातच टेकते.

कोणतीही करवत चालवण्यापूर्वी खोडाभोवती एक फेरी मारून ते कुठे टेकले आहे ते पाहावे. दोन्ही टोके उंचवट्यांवर टेकलेली आणि मधला भाग अधांतरी असेल, तर खोड मध्यात खाली वाकू पाहते. वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. वरून कापत गेलो तर काप मिटतो आणि पाते चिमट्यात सापडते. म्हणून आधी दाबाच्या बाजूने, म्हणजे वरून, पाव ते एक तृतीयांश भाग कापायचा आणि मग खालून वर येत उरलेला. एक टोक टेकलेले आणि दुसरे हवेत असेल तर सगळे उलटे: आधी खालून थोडे, मग वरून. हे मला ठाऊक असूनही एकदा घाईत चुकले. चाळीसेक सेंटिमीटरचे खोड, संध्याकाळची वेळ, तीन हिस्से काप झालेला, आणि करवत अशी घट्ट धरली गेली की मूठ दोन्ही हातांनी हलेना. शेवटी गाडीचा बाटलीजॅक खोडाखाली लावून ते दोन बोटे उचलले, काप उघडला, त्यात लाकडाची पाचर ठोकली आणि मग पाते सुटले. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या दोन पाचरी मी करवतीच्या पिशवीतच ठेवतो. त्यांचे वजन नगण्य असते आणि पात्याला लागल्या तरी दाते बोथट होत नाहीत.

मुळांसकट उन्मळलेल्या झाडापासून विशेष सावध राहावे. खोड कापून वेगळे झाले की मातीचा गड्डा लागलेला बुंधा कित्येकदा पुन्हा उभा राहतो किंवा मागे खड्ड्यात कोसळतो. त्या खड्ड्यात किंवा मुळांच्या बाजूला कोणी, विशेषतः मुले, उभी नाहीत याची खात्री केल्याशिवाय कापू नये. मोठ्या झाडाखाली धनुष्यासारखे वाकलेले कोवळे खोडही तसेच घातक. ते तोडले की चाबकासारखे उसळते.

कुऱ्हाडीविषयी माझे मत अनेकांना रुचत नाही. प्रवासात ती शेवटची निवड असावी आणि घ्यायचीच तर आखूड घेऊ नये. लहान कुऱ्हाड निरुपद्रवी दिसते, पण तिचा घाव हुकला किंवा लाकडावरून निसटला की पात्याची फेरी स्वतःच्या गुडघ्यापाशी किंवा नडगीपाशी संपते. दांडा 70 ते 80 सेंटिमीटरचा असला तर तोच हुकलेला घाव बहुधा पायांपुढे जमिनीत जातो. एक ते सव्वा किलोचे डोके आणि तेवढा दांडा ही प्रवासी कुऱ्हाडीची मला पटणारी मापे आहेत. आखूड कुऱ्हाड वापरायचीच असेल तर गुडघे टेकून, ओंडका पुढे ठेवून वापरावी. घाव घालताना शरीर दमलेले असते, वाट अडलेली असते आणि अंधार पडत आलेला असतो. जखमेला नेमकी हीच वेळ लागते. करवतीची चूक तुलनेने क्षमाशील असते.

काटेरी झुडपे आणि वेली यांना कोयत्यासारखे दुसरे काही नाही. पात्याचे वजन पुढे असलेला, चाळीसेक सेंटिमीटरचा, साध्या कार्बन पोलादाचा कोयता घ्यावा. गंज चढतो, पण कानशीने पाच मिनिटांत धार येते. चमकदार स्टेनलेसच्या शोभेच्या पात्यांच्या नादी लागू नये. मुठीला मनगटात अडकवायची दोरी असली तरी कापताना ती अडकवू नये, कारण निसटलेला कोयता दूर जाण्याऐवजी आपल्याच हाताभोवती फिरतो.

आता चेनसॉ. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास असतो आणि बारच्या (साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या) टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला तर संपूर्ण यंत्र क्षणार्धात चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. साखळीचा ब्रेक हे धोके कमी करतो, नाहीसे करत नाही. ती न्यायची म्हणजे पायांवर काप रोखणारे संरक्षक कपडे, हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कानांना आवरण, साखळीचे तेल, जादा साखळी आणि पेट्रोलवर चालणारी असेल तर तेल मिसळलेले इंधन, हे सगळे आले. बॅटरीवर चालणारी चेनसॉ गाडीत पेट्रोलचा वास सोडत नाही, बटण दाबताच सुरू होते आणि दोन-चार खोडांपुरते काम सहज करते. प्रवासासाठी मी आज तीच सुचवीन, पण ज्याने कोणाकडून तरी रीतसर शिकून घेतले आहे त्यालाच, आणि सोबत दुसरा जाणता माणूस असेल तेव्हाच. मुख्य रस्त्यापासून चार तासांवर मांडीची शीर कापली गेल्यास यंत्र कोणत्या कंपनीचे होते हा प्रश्न गौण ठरतो.

तोडण्याच्या यादीत लाकडापलीकडच्या दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली म्हणजे तार. गवतात पडलेली काटेरी तार अॅक्सलभोवती किंवा प्रोपेलर शाफ्टवर (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर) गुंडाळली गेली की ती सुटत नाही, कापावीच लागते आणि ती कापताना स्प्रिंगसारखी उसळते. साठ सेंटिमीटरचा बोल्ट कटर, जाड हातमोजे आणि चष्मा असल्यास हे दहा मिनिटांचे काम आहे. साध्या पक्कडीने दुपार जाते. वाकलेला बोल्ट किंवा टायरला घासणारा पत्रा यांसाठी हॅकसॉ आणि दोन जादा पाती पुरतात. दुसरी वस्तू म्हणजे सीटबेल्ट कापायचे छोटे हत्यार. गाडी उलटली आणि माणूस पट्ट्यात लटकला तर मागच्या डब्यातली सगळी हत्यारे निरुपयोगी ठरतात. हे एक हत्यार चालकाच्या हाताच्या अंतरावर घट्ट लावलेले असले पाहिजे.

यावरून जागेचा मुद्दा येतो. चांगले शॉव्हेल घेऊन ते डिकीत सामानाखाली ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. एकदा आमच्या सोबतच्या गाडीची मागची चाके ओढ्यातल्या चिखलात बंपरपर्यंत गेली. शॉव्हेल डिकीत होते, डिकीचा दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडणारा होता आणि तो उघडण्यासाठी आधी दरवाजामागचा चिखल काढायला शॉव्हेल हवे होते. शेवटी मागची सीट पाडून, तंबू आणि भांडी एकेक करून पुढे काढत ते मिळवले. छतावरच्या कॅरिअरला बाहेरून रबरी क्लॅम्पने बसवलेले शॉव्हेल कोणत्याही परिस्थितीत हाती येते. गाडी कलती झाल्यास ज्या बाजूने चढता येईल ती बाजू मोकळी असते. त्याच्या बदल्यात गंज, धूळ आणि चोरीची भीती पत्करावी लागते. मी क्लॅम्पला छोटे कुलूप लावतो आणि किल्ली गाडीच्या किल्लीसोबतच ठेवतो, कारण वेगळी ठेवलेली किल्ली हवी तेव्हा कधीच सापडत नाही. आतच ठेवायचे असेल तर ते बांधलेलेच हवे. पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतली प्रत्येक सुटी वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे वीस पट जोराने पुढे येते. अडीच किलोच्या शॉव्हेलसाठी तो आकडा पन्नास किलोंच्या जवळ जातो, आणि कुऱ्हाडीला तर धारही असते.

देखभाल फारशी नाही. शॉव्हेलच्या टोकाला कानशीने ठळक, बोथटसर धार ठेवावी. वस्तऱ्यासारखी धार दगडावर पहिल्याच घावात दुमडते. कुऱ्हाडीचे डोके सैल झाले तर पाण्यात भिजत ठेवण्याचा जुना उपाय करू नये; लाकूड फुगून तात्पुरते घट्ट होते, पण भोकात चेंगरलेले धागे वाळल्यावर पहिल्यापेक्षा सैल बसतात. नवी पाचर ठोकणे हाच खरा उपाय. दांड्यांना वर्षातून एक-दोनदा जवसाचे तेल चोळावे. त्या तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, कारण सुकताना ती आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. ती पसरून उघड्यावर वाळवावी.

तुमच्याकडे आधीच असलेल्या संचाचे काय करायचे, तेही सांगतो. घडीचे फावडे ठेवा. मुक्कामावर शौचाचा खड्डा खणायला ते अगदी योग्य मापाचे आहे. पंधरा-वीस सेंटिमीटर खोल, पाण्यापासून साठेक मीटर दूर, आणि नंतर मातीने झाकून. शेकोटीची राख उलथून त्यावर पाणी ओतून कालवायलाही तेच सोयीचे पडते. छोटी कुऱ्हाड सध्या घरी राहू द्या. आधी लांब दांड्याचे शॉव्हेल घ्या आणि घराजवळच्या मोकळ्या जागेत, गाडी रुतलेली नसताना, पालथे पडून ते गाडीखालच्या मध्यापर्यंत पोहोचते का ते एकदा करून पाहा. मध्यापर्यंत पोहोचले नाही, तर दुकानदाराला परत करायला ते कोरे असेपर्यंतच नेऊन द्या.